माध्यमिक स्तरावर शासनव्यवस्थेच्या मूलतत्त्वांचे अध्यापन : मोरवा (मिरा-भाईंदर) परिसराच्या संदर्भात

सारांश

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना शासनव्यवस्थेची मूलतत्त्वे शिकविताना संस्थांची नावे, सदस्यसंख्या व पात्रतेच्या अटी यांवर भर दिला जातो. संस्था कशासाठी आहेत, त्या एकमेकींवर कसे नियंत्रण ठेवतात आणि नागरिकाने कोणता प्रश्न कोणाला विचारावयाचा, हे मात्र मागे पडते. प्रस्तुत लेखात मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील मोरवा या गावाच्या संदर्भात या समस्येचा विचार केला आहे. या गावाने ग्रामपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका असे तीन प्रकारचे स्थानिक शासन अनुभवले. ऑगस्ट २०२२ नंतर काही वर्षे तेथील महानगरपालिकेचा कारभार लोकनियुक्त सभागृहाविना चालला. हा अनुभवच अध्यापनाचे साधन कसा होऊ शकेल, याचे विवेचन येथे केले आहे.

मुख्य शब्द : नागरिकशास्त्र, स्थानिक स्वराज्य संस्था, उत्तरदायित्व, माध्यमिक शिक्षण, मिरा-भाईंदर.

१. प्रस्तावना

लोकशाही शासनव्यवस्था केवळ कायद्याने टिकत नाही. ती समजून घेणारा नागरिक असावा लागतो. तो घडविण्याचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न भारतात नवा नाही. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक स्वराज्य संस्थांचे समर्थन प्रामुख्याने कारभाराच्या कार्यक्षमतेसाठी केलेले नव्हते. लोकांचे राजकीय शिक्षण हा त्यामागील मुख्य हेतू सांगितला होता. म्हणजे नगरपालिका ही आरंभापासूनच एक शाळा मानली गेली. स्वातंत्र्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि स्थानिक संस्थांना संविधानात स्थान मिळाले. मात्र संस्थांचा विस्तार ज्या गतीने झाला, त्या गतीने त्यांचे ज्ञान शाळेच्या वर्गात पोहोचले असे म्हणता येत नाही.

पदवीच्या प्रथम वर्षाला राज्यशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांना याचा परिणाम जाणवतो. राष्ट्रपतिपदासाठी किमान वय किती, हे विद्यार्थी चटकन सांगतो. परंतु आपल्या घरासमोरील गटाराची तक्रार आमदाराकडे करावयाची की नगरसेवकाकडे, यावर तो गोंधळतो. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. तो ज्या क्रमाने व ज्या पद्धतीने शिकला, त्याचा हा परिणाम होय. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. त्यामुळे दहावीतील विद्यार्थी व मतदान केंद्र यांच्यात जेमतेम दोन-तीन वर्षांचे अंतर उरले आहे. शाळेत राहून गेलेली उणीव महाविद्यालयात भरून निघेल, ही आशाही सर्वांच्या बाबतीत खरी ठरत नाही. कारण दहावीनंतर राज्यशास्त्र हा विषय पुन्हा न घेणाऱ्यांचीच संख्या मोठी असते.

२. पाठ्यक्रमातील स्थान

महाराष्ट्रात २०१६ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांची रचना पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. इयत्ता सहावीत ग्रामीण व शहरी स्थानिक शासनसंस्था आणि जिल्हा प्रशासन, सातवीत संविधानाची ओळख, मूलभूत हक्क व कर्तव्ये, तर आठवीत संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन व नोकरशाही असा क्रम ठेवण्यात आला. माध्यमिक टप्प्यात, म्हणजे नववीत, परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था, संयुक्त राष्ट्रे व आंतरराष्ट्रीय समस्या हे विषय येतात. दहावीत संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी व लोकशाहीसमोरील आव्हाने यांचा समावेश आहे.

या रचनेला तर्क आहे. जवळून दूर, गावाकडून जगाकडे, असा तो क्रम आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, महानगरपालिका ही संस्था विद्यार्थी अकरा-बारा वर्षांचा असताना शिकतो. त्या वयात कर, अंदाजपत्रक, आरक्षण, अधिकारांची विभागणी या कल्पना पुरेशा समजत नाहीत. त्या समजण्याचे वय येते तेव्हा स्थानिक शासनाचा पाठ मागे पडलेला असतो. दहावीच्या परीक्षेत इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते आणि तिच्यात इतिहासाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे शिक्षकाचा वेळ व विद्यार्थ्याचे लक्ष कोठे जाते, हे वेगळे सांगावयास नको.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने 'नागरिकशास्त्र' या विषयाच्या वसाहतकालीन वारशाची चिकित्सा झाली होती. आज्ञाधारक प्रजा घडविण्याच्या हेतूतून आलेला हा विषय राज्यशास्त्राच्या अंगाने शिकविला जावा, असा त्या चिकित्सेचा आशय होता. त्यानुसार एनसीईआरटीने २००६ साली नववीसाठी काढलेल्या 'लोकशाही राजकारण' या पुस्तकात शासनसंस्थांचे प्रकरण व्याख्येने सुरू न होता १३ ऑगस्ट १९९० च्या एका शासकीय आदेशाने सुरू होते. मंडल आयोगाच्या शिफारशीनुसार नोकऱ्यांत २७ टक्के आरक्षण देणारा हा आदेश कोणी काढला, त्याआधी निर्णय कोणी घेतला, त्याला आव्हान कोठे दिले गेले, अशा प्रश्नांतून मंत्रिमंडळ, संसद व सर्वोच्च न्यायालय यांची ओळख करून दिली आहे. आधी निर्णय, मग संस्था, ही पद्धती स्थानिक पातळीवर अधिकच उपयुक्त ठरते.

३. मोरवा : एक गाव, तीन शासनव्यवस्था

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे, राई, मोरवा ही गावे लागतात. एका बाजूस खाडी, कांदळवने व मिठागरे आणि दुसऱ्या बाजूस वाढत जाणारे शहर, अशी या परिसराची स्थिती आहे. या गावांचा कारभार पूर्वी ग्रामपंचायतींकडे होता. १२ जून १९८५ रोजी परिसरातील ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली व पुढे किनाऱ्याकडील गावेही तिच्या हद्दीत आली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार होती. ती २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार व २०११ मध्ये सुमारे ८ लाख ९ हजार झाली. वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक झालेली ही वाढ शासनाचे स्वरूप बदलण्यामागील कारणही स्पष्ट करते.

याचा शैक्षणिक अर्थ महत्त्वाचा आहे. मोरव्यातील एखाद्या जुन्या कुटुंबात आजोबांनी ग्रामपंचायतीसाठी, वडिलांनी नगरपरिषदेसाठी किंवा महानगरपालिकेसाठी मतदान केलेले असू शकते. सहावीच्या पुस्तकात ग्रामीण व शहरी स्थानिक शासन हे दोन स्वतंत्र पाठ आहेत. येथे मात्र ते एकाच घराचा इतिहास आहेत. ग्रामसभेत प्रौढ मतदार स्वतः बसून प्रश्न विचारू शकत असे; महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत हा अधिकार नगरसेवकामार्फत वापरला जातो. प्रत्यक्ष सहभाग व प्रातिनिधिक सहभाग यांतील हा फरक व्याख्येने सांगण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आणावयास सांगितल्यास विद्यार्थ्याच्या लवकर लक्षात येईल. त्याबरोबरच, लोकसंख्या वाढल्यावर प्रत्यक्ष सहभाग का कठीण होतो आणि त्याची भरपाई करण्यासाठी संविधानाच्या २४३-एस या अनुच्छेदाने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद का केली, हेही ओघाने सांगता येईल.

४. पाठ्यपुस्तकातील विधान आणि लोकनियुक्त सभागृहाविना गेलेली वर्षे

महानगरपालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते, असे विद्यार्थी शिकतो. संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदानुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण करणे आवश्यक आहे. मिरा-भाईंदर महानगरपालिकेची निवडणूक ऑगस्ट २०१७ मध्ये ९५ जागांसाठी झाली. सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. परंतु निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेला निर्णय, त्यानंतर नेमलेला बांठिया आयोग, प्रभागरचनेतील बदल व त्यावरील याचिका यांमुळे राज्यातील बहुतेक स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबणीवर पडल्या. कारभार प्रशासकाकडे, म्हणजे महानगरपालिकेच्या बाबतीत आयुक्तांकडे गेला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत घेण्याचे निर्देश दिले. त्यानंतरही काही काळ गेला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मिरा-भाईंदरसह राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले.

या घटनाक्रमाकडे विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले असता पेच स्पष्ट होतो. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात नववीत असलेला विद्यार्थी २०२२-२३ मध्ये सहावीत होता. म्हणजे ज्या वर्षी त्याने 'शहरी स्थानिक शासनसंस्था' हा पाठ वाचला, त्याच वर्षी त्याच्या शहरातील लोकनियुक्त सभागृह संपुष्टात आले होते. नगरसेवक, महापौर व स्थायी समिती यांची कार्ये त्याने उत्तरपत्रिकेत लिहिली. शहरात मात्र यांपैकी कोणीही पदावर नव्हते. त्याच्या मागून सहावीत आलेल्या दोन तुकड्यांचीही हीच स्थिती होती. पुस्तक व परिसर यांत असे अंतर पडते तेव्हा विद्यार्थी दोनपैकी एक निष्कर्ष काढतो : एक तर पुस्तकातील गोष्टी केवळ परीक्षेसाठी असतात, किंवा नगरसेवक नसले तरी काही बिघडत नाही. कचरा उचलला जात होता, नळाला पाणी येत होते, मग निवडणूक हवी कशाला? हा दुसरा निष्कर्ष लोकशाहीच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये. कारण शासनव्यवस्थेचे मूळ तत्त्व त्यातूनच उलगडते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार सामान्य स्थितीत आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, १६ सदस्यांची स्थायी समिती त्याची छाननी करते आणि अंतिम मंजुरी सर्वसाधारण सभा देते. एकाने मांडावयाचे, दुसऱ्याने तपासावयाचे व तिसऱ्याने मंजूर करावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. प्रशासकाच्या काळात स्थायी समिती व सर्वसाधारण सभा या दोहोंचे अधिकार प्रशासकाकडेच असतात. म्हणजे मांडणारा, तपासणारा व मंजूर करणारा एकच असतो. संबंधित अधिकारी कितीही कार्यक्षम व सचोटीचा असला, तरी प्रश्न व्यक्तीचा नसून रचनेचा आहे. त्याला प्रश्न विचारण्याचा व पुढील निवडणुकीत उत्तर मागण्याचा मार्ग नागरिकाला उरत नाही. 'उत्तरदायित्व' ही संज्ञा तिच्या अभावातून जितकी स्पष्ट होते, तितकी व्याख्येतून होत नाही.

५. शिकवावयाची मूलतत्त्वे

माध्यमिक स्तरावर शासनव्यवस्थेची सर्व माहिती देणे शक्य नाही व आवश्यकही नाही. पुढील पाच तत्त्वे विद्यार्थ्याच्या मनात पक्की झाली, तर उरलेली माहिती तो स्वतः मिळवू शकेल.

(१) सत्तेला मर्यादा असते. कोणतीही शासनसंस्था संविधान व कायदा यांनी दिलेल्या अधिकारातच काम करते.

(२) सत्ता विभागलेली असते. ही विभागणी दोन प्रकारची आहे : केंद्र, राज्य व स्थानिक अशी स्तरांची, आणि कायदे करणे, ते राबविणे व त्यांचा अर्थ लावणे अशी कार्यांची.

(३) सत्ता प्रतिनिधित्वातून येते. प्रतिनिधी कसा निवडला जातो, यावर शासनाची अधिमान्यता अवलंबून असते.

(४) शासन पैशाने चालते व तो पैसा लोकांचा असतो. कर कोण बसवितो व खर्च कोण ठरवितो, हे कळल्याशिवाय शासन कळत नाही.

(५) शासन उत्तरास बांधील असते. निवडणूक, सभागृहातील प्रश्न, न्यायालय, माहितीचा अधिकार व लेखापरीक्षण ही ते उत्तर मिळविण्याची साधने आहेत.

संविधानाच्या उद्देशिकेचे शाळेत सामूहिक वाचन करण्याचा उपक्रम महाराष्ट्रात २०२० पासून राबविण्यात आला. तो स्वागतार्ह आहे. परंतु वाचन म्हणजे आकलन नव्हे. उद्देशिकेतील मूल्ये वरील पाच तत्त्वांतून व्यवहारात कशी उतरतात, हे दाखविण्याचे काम अध्यापनाचेच आहे.

६. परिसरातील उदाहरणांतून अध्यापन

६.१ नळाचे पाणी

घरातील नळ हे शासनाचे सर्वांत परिचित रूप होय. मिरा-भाईंदर शहराला स्वतःचे धरण नाही. शहराला स्टेम प्राधिकरण व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून पाणी मिळत आले आहे. स्टेम ही ठाणे, भिवंडी व मिरा-भाईंदर या महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्याशी निगडित यंत्रणा, तर औद्योगिक विकास महामंडळ ही राज्य शासनाची संस्था. याशिवाय पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पातून वसई-विरार व मिरा-भाईंदर या शहरांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने प्रादेशिक योजना हाती घेतली. तिची एकूण क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरसाठी योजिलेले आहे.

'आज पाणी आले नाही, तर प्रश्न कोणाला विचारावयाचा?' या एका प्रश्नावर संपूर्ण तासिका घेता येईल. विद्यार्थी प्रथम 'नगरपालिकेला' असे उत्तर देतील. शहरांतर्गत वितरण महानगरपालिकेकडे असल्याने ते अंशतः बरोबर आहे. परंतु पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आहेत, त्यांपैकी काहींच्या प्रमुखपदी लोकनियुक्त प्रतिनिधी नसतो, आणि त्यांच्यावर नियंत्रण राज्य शासनामार्फत असते, हे समजल्यावर आमदार व नगरसेवक यांच्या भूमिकांतील फरक आपोआप स्पष्ट होतो.

६.२ खाडीकाठचे कांदळवन

शासनाचे स्तर समजावून देण्यासाठी मोरव्याच्या परिसरात कांदळवनासारखे दुसरे उदाहरण नाही. किनारी क्षेत्रावरील निर्बंध केंद्र शासनाच्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील अधिसूचनेतून येतात. कांदळवनांच्या संरक्षणासाठी राज्याच्या वन विभागाने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. शहराचे सांडपाणी व कचरा खाडीत जाऊ न देण्याची जबाबदारी महानगरपालिकेची आहे. मिठागराचा विचार केला, तर मीठ हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत आहे. पोलीस व स्थानिक शासन हे विषय राज्यसूचीत आहेत.

विद्यार्थ्यांना चार स्तंभांचा तक्ता करावयास सांगावे : केंद्र, राज्य, महानगरपालिका व न्यायालय. कांदळवन, मिठागर, रस्ता, रेल्वे, पोलीस ठाणे, शाळा, रुग्णालय अशा परिचित गोष्टींपुढे कोणाचा कोणता अधिकार चालतो, हे त्यांनी शोधून भरावे. एकाच गोष्टीवर अनेक स्तरांचे अधिकार असू शकतात, हे या तक्त्यातून दिसते आणि 'सरकार' हा शब्द एकवचनी नाही, याची जाणीव होते. १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय हे या तक्त्यातील एक चांगले उदाहरण आहे. नावात शहराचे नाव असले, तरी ते महानगरपालिकेच्या नव्हे, तर राज्याच्या गृह विभागाच्या अखत्यारीत येते.

६.३ मतदारसंघ व प्रभाग

मिरा-भाईंदर महानगरपालिकेचे क्षेत्र विधानसभेच्या मिरा-भाईंदर व ओवळा-माजिवडा या दोन मतदारसंघांत विभागलेले आहे आणि लोकसभेसाठी ते ठाणे मतदारसंघात येते. शहराची सीमा व मतदारसंघाची सीमा एक नसते, ही गोष्ट नकाशावर दाखविल्याशिवाय विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ९५ जागा २४ प्रभागांत विभागल्या होत्या. त्यांपैकी २३ प्रभागांतून प्रत्येकी चार व एका प्रभागातून तीन सदस्य निवडावयाचे होते. चार सदस्यांच्या प्रभागातील मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक, याप्रमाणे चार मते द्यावी लागतात. मग आपला नगरसेवक कोण, हा प्रश्न उद्भवतो. चौघांपैकी कोणाला जबाबदार धरावयाचे? बहुसदस्यीय प्रभागपद्धतीचे गुणदोष या प्रश्नावरून वर्गात चर्चिले जाऊ शकतात.

त्याचबरोबर, महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. संविधानाची किमान मर्यादा एक-तृतीयांश आहे. ९५ चे निम्मे किती, या साध्या गणितातून प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाकडे जाता येते. विधानसभा व लोकसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, तर महानगरपालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, हा फरकही येथेच सांगावा.

येथे शिक्षकाजवळ एक दुर्लक्षित साधन आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त केले असले, तरी निवडणुका, जनगणना व आपत्ती निवारण यांचा अपवाद ठेवला आहे. त्यामुळे अनेक शिक्षकांनी मतदान केंद्राध्यक्ष वा मतदान अधिकारी म्हणून काम केलेले असते. तोच शिक्षक वर्गात निवडणूक प्रक्रिया पुस्तकातून वाचून दाखवितो. अभिरूप मतदानाची तपासणी, मतदाराच्या बोटाला शाई, यंत्र मोहोरबंद करणे या कृतींमागील कारणे तो स्वानुभवाने सांगू शकेल, तर दहावीचा 'निवडणूक प्रक्रिया' हा पाठ जिवंत होईल.

६.४ अंदाजपत्रक

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यातील केवळ एक पान वर्गात आणले तरी पुरे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, शासकीय अनुदान ही उत्पन्नाची सदरे दाखवावीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर स्थानिक कराच्या बदल्यात महानगरपालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. स्वतः कर बसविण्याऐवजी अनुदानावर अवलंबून राहिल्यास स्थानिक संस्थेच्या स्वायत्ततेचे काय होते, हा प्रश्न नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगा आहे. बाराव्या अनुसूचीतील १८ विषय पाठ करून घेण्याऐवजी त्यांपैकी कोणत्या विषयांवर आपल्या शहरात प्रत्यक्ष खर्च होतो, हे या पानावरून शोधावयास सांगणे अधिक उपयुक्त होय.

७. वादग्रस्त विषय वर्गात आणावेत काय?

परिसरातील उदाहरणे घेताना वाद टाळता येत नाही. दहिसर ते मिरा-भाईंदर या मेट्रो मार्ग ९ चे कारशेड प्रथम राई, मुर्धे व मोरवा या गावांच्या परिसरात योजिले होते. स्थानिक ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. २०२० नंतरच्या काही वर्षांत हा प्रश्न तीव्र झाला आणि पुढे कारशेडची जागा डोंगरी येथे हलविण्यात आली. तेथे वृक्षतोडीच्या मुद्द्यावरून पुन्हा विरोध झाला. ज्या विद्यार्थ्याच्या घरची जमीन या प्रश्नाशी निगडित आहे, त्याच्यासमोर 'विकास प्रकल्प' हा शब्द उच्चारताना शिक्षकाला सावध राहावे लागते. त्याच वर्गात मेट्रोमुळे प्रवासाचे हाल कमी होतील, अशी आशा असलेल्या कुटुंबातील विद्यार्थीही बसलेले असतात.

अशा प्रसंगी जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख येथील परिषदेतून रूढ झालेली तीन सूत्रे मार्गदर्शक ठरतात. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या हिताच्या दृष्टीने परिस्थितीचे विश्लेषण करता यावे. या सूत्रांनुसार कारशेड योग्य की अयोग्य, हा वर्गाचा प्रश्न नसावा. जागा ठरविण्याचा अधिकार कोणाचा, भूसंपादनाची प्रक्रिया कोणती, हरकत कोठे नोंदवावयाची, निर्णय बदलला तो कोणाच्या अधिकारात, आणि एका गावातून दुसऱ्या गावात प्रश्न गेल्याने तो सुटला काय, असे प्रश्न विचारावेत. प्रकल्प राबविणारी यंत्रणा महानगर प्रदेशाची आहे, शहराची नाही. त्यामुळे निर्णयाचे केंद्र स्थानिक सभागृहाबाहेर आहे, हे विद्यार्थ्याला कळणे हेच या चर्चेचे फलित होय.

इंग्लंडमध्ये बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९९८ च्या अहवालानंतर २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व शिक्षण अनिवार्य झाले. तेथेही राजकीय साक्षरता म्हणजे पक्षीय प्रचार नव्हे, ही सीमारेषा आखावी लागली. सीमारेषा असणे व विषय टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. मर्यादा व महाविद्यालयांची भूमिका

वरील पद्धतीच्या मर्यादा मान्य करावयास हव्यात. तासिका कमी असतात. परीक्षेचे स्वरूप बदलल्याशिवाय अध्यापन फारसे बदलत नाही. अनेक शाळांत इतिहासाचे शिक्षकच राज्यशास्त्र शिकवितात. स्थानिक संस्थांची माहिती सोप्या मराठीत एकत्र उपलब्ध नसते. शिक्षकाला ती शोधावी लागते. स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांना गावाचा जुना कारभार सांगणारे आजोबा घरात नसतात. अशा विद्यार्थ्यांनी आपल्या मूळ गावाच्या पंचायतीची माहिती आणावी, म्हणजे तुलना अधिक समृद्ध होईल.

या ठिकाणी महाविद्यालयांना काही निश्चित कामे करता येतील. राज्यशास्त्र विभागाने आपल्या शहराच्या शासनाविषयी शिक्षकांसाठी एक लहान पुस्तिका तयार करावी व प्रत्येक निवडणुकीनंतर ती सुधारावी. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून वर उल्लेखिलेले तक्ते, प्रभागांचे नकाशे व अंदाजपत्रकाची सोपी मांडणी करावयास द्यावी आणि ती जवळच्या माध्यमिक शाळांना द्यावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये शासकीय कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करावयाची माहिती यासाठी वापरता येईल. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी सराव पाठांत स्थानिक शासनावरील एक तरी पाठ अनिवार्य करावा. शिक्षण हक्क अधिनियमानुसार स्थापन होणारी शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या सदस्य महिला असतात, ही शाळेच्या आवारातीलच प्रातिनिधिक संस्था आहे. तिच्या कामकाजाचा अभ्यास विद्यार्थ्यांना सहज करता येईल.

९. समारोप

शासनव्यवस्थेची मूलतत्त्वे ही दिल्ली वा मुंबईपासून सुरू होत नाहीत. ती विद्यार्थ्याच्या घरातील नळापासून व गावाच्या वेशीपासून सुरू होतात. मोरवा परिसरातील विद्यार्थ्याने गावाचे शहर होताना पाहिले आहे, शहरातील सभागृह रिकामे असतानाचा काळ पाहिला आहे आणि त्यानंतर झालेली निवडणूकही पाहिली आहे. इतका अनुभव असलेल्या विद्यार्थ्याला केवळ पदांची नावे व वयाच्या अटी पाठ करावयास लावणे, हा त्या अनुभवाचा अपव्यय होय. निवडणूक वेळेवर न झाल्यास नेमके काय गमावले जाते, याचे उत्तर ज्याला देता येते, त्याला लोकशाहीचे मूलतत्त्व समजले असे म्हणता येईल. ते उत्तर देण्याची क्षमता मतदार यादीत नाव येण्यापूर्वी निर्माण व्हावी, ही माध्यमिक शाळेची आणि तिला शिक्षक पुरविणाऱ्या महाविद्यालयांची संयुक्त जबाबदारी आहे.